बुधवारचा पाडवा

सकाळचे सव्वासहा वाजले तरी शोभायात्रेत दोनच माणसं होती, आणि त्या दोघांचं एकमेकांशी लग्न होऊन एक्केचाळीस वर्षं झाली होती.

पुरुषोत्तमरावांनी गुढीची काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि बंगलोरच्या बसवनगुडीतल्या पार्कच्या फाटकापासून रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं. एका टोकाला फुलवाली मोगऱ्यावर पाणी शिंपडत होती, दुसऱ्या टोकाला एक गाय उभी होती. वासंतीबाई नऊवारी नेसून, स्टीलचा मोठा डबा मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसल्या होत्या. डब्यात कडुनिंब आणि गूळ होता, दीडशे माणसांना पुरेल इतका.

"अहो, कुणी दिसेना की," वासंतीबाई म्हणाल्या.

"येतील. कोरमंगलाहून यायचं म्हणजे स्वल्प उशीर होणारच. सॉफ्टवेअरची माणसं ती. अमेरिका झोपल्याशिवाय त्यांना झोपता येत नाही."

"आणि कुणाच्या दाराला तोरण पण नाही. येताना बघितलं मी."

"लोकांचं सणाकडे लक्षच राहिलं नाही आता," पुरुषोत्तमराव म्हणाले आणि त्यांनी गुढी परत उजव्या हातात घेतली.

या गुढीमागे एक जुनं दुखणं होतं. म्हणजे फार जुनं नव्हे, त्याच वर्षीच्या संक्रांतीचं. पुरुषोत्तमरावांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलं ते इथलंच झालं. घरात मराठी, दारात कन्नड, असं साडेतीनशे वर्षं चाललेलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते मराठी मंडळात नेमानं जाऊ लागले. तिथे पुण्या-मुंबईहून आलेली तरुण मंडळी बरीच जमायची. संक्रांतीच्या तिळगुळाला त्यातल्याच अद्वैतनं त्यांच्याशी पाच मिनिटं गप्पा मारल्या आणि मोठ्या कौतुकानं विचारलं, "काका, तुमचं मराठी काय मस्त आहे हो! कुठे शिकलात?"

पोरानं मनापासून विचारलं होतं, म्हणून तर ते जास्त लागलं. पुरुषोत्तमरावांनी तोंडातला तिळगूळ गिळला आणि पुढचे आठ दिवस ते वाक्य चघळलं.

त्यानंतरच्या बैठकीत अद्वैतच्या बायकोनं, श्वेतानं, टूम काढली. तिकडे डोंबिवलीत पाडव्याला शोभायात्रा काढायचं घाटतंय असं तिच्या आईनं फोनवर सांगितलं होतं. मग बंगलोरनं का मागे राहायचं? फेटे, ढोल, लेझीम, गाठी अशी भराभर कामं वाटली गेली. पुरुषोत्तमरावांना कुणी काही दिलं नाही. शेवटी तेच खाकरले. "पोलिसांची परवानगी मी आणतो. स्टेशनात कन्नड बोलावं लागतं."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. परवानगी नावाची गोष्ट असते हेच कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. "काका, यू आर अ लाइफसेव्हर!" श्वेता म्हणाली. "बाकी आम्ही बघतो. तुमच्याकडे फक्त तेवढं एकच."

ते एकच काम पुरुषोत्तमरावांनी जीव ओतून केलं. चार हेलपाटे घातले, अर्ज स्वतःच्या वळणदार कन्नड अक्षरात लिहिला, सही-शिक्का आणला, वर प्रत्येकाला कागदाची झेरॉक्स दिली. सगळ्यांनी "ग्रेट!" म्हणून ती फायलीत ठेवली. हे काम नीट झालं की आपण मराठी कुठे शिकलो हे पुन्हा कुणी विचारणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

साडेसहा वाजायला आले तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला. गुढी वासंतीबाईंकडे देऊन ते दुधाच्या बूथवर गेले आणि तिथल्या लाल फोनमध्ये रुपया टाकला.

"हॅलो..." श्वेताचा आवाज उशीतून येत होता.

"श्वेता, निघालात का?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? शोभायात्रेला. सहाला जमायचं ठरलं होतं."

"हो काका, उद्या. पाडवा उद्या आहे ना? आज अमावास्या आहे." मग ती जरा जागी झाली. "काका, तुम्ही बरे आहात ना?"

पुरुषोत्तमरावांच्या पायाखालची जमीन सरकली, पण आवाज जागचा हलला नाही. "हो हो. सहज आठवण करून द्यायला केला फोन. उद्या वेळेवर या हं."

फोन ठेवल्यावर सगळा घोटाळा त्यांना लख्ख दिसला. त्यांच्या घरात सण कधी हे भिंतीवरचं कॅलेंडर सांगत नसे. ते पुरोहित भीमाचार्य सांगत, मठाच्या पंचांगातून. अर्जात तारखेचा रकाना आला तेव्हा त्यांनी आचार्यांना विचारलं होतं, आचार्यांनी बुधवार सांगितला होता आणि त्यांनी बुधवार लिहिला होता. दर चार-सहा वर्षांनी त्या पंचांगाचं आणि बाकीच्या जगाचं असं एका दिवसानं बिनसायचं. नोकरीत असताना सरकारी सुट्टी पाहून ते कळायचं तरी. निवृत्तीनंतर रोजच सुट्टी, त्यामुळे तेही गेलं. आणि दोन महिने बैठकांमध्ये सगळे नुसतं 'पाडव्याला सकाळी सहाला' म्हणत राहिले. तारीख कुणी उच्चारलीच नाही. पाडव्याला कसली आलीय तारीख!

परत आले तर गुढीशेजारी एक पोलीस सायकल टेकवून उभा होता. कल्लाप्पा त्याचं नाव. बेळगावकडचा, त्यामुळे बोलायला मराठी.

"नमस्कार ओ. मिरवणूक कुटं हाय?"

"ही काय."

कल्लाप्पानं पुरुषोत्तमरावांकडे पाहिलं, वासंतीबाईंकडे पाहिलं, मग खिशातला कागद काढून वाचला. "हितं दीडशे माणूस लिवलंय न्हवं?"

"त्याचं असं झालं कल्लाप्पा, ती उद्या येणार आहेत. परवानगी तेवढी उद्याची करता येईल का?"

"तारीख बदलायची म्हंजे साहेबाची सही पायजे. सायेब उगादीला गावाकडं गेल्यात. मला वाटलंतं, हे लोक आदल्या दिवशी काढत असतील मिरवणूक. एकेकाची रीत असतीय बगा." त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "पण आज न्हाई निघाली तर मला तसं लिवाय लागतंय. मग फुडं तुमास्नी परवानगी इसराय लागतीय. काढतासा, का लिवू?"

पुरुषोत्तमरावांनी गुढी पुन्हा हातात घेतली. उद्याची गेलीच होती. आता पुढच्या साऱ्या वर्षांची जाणार होती, आणि तीही त्यांच्याच हातानं. तेवढ्यात वासंतीबाई डबा कमरेवर घेऊन उठल्या.

"काढतो म्हणून सांगा की. चालायचंच तर आहे. एवढं नेसून मी काय कट्ट्यावर बसायला आले?"

निघायचं ठरलं, पण दोन माणसांची मिरवणूक लिहायला कल्लाप्पाचा हात धजेना. त्याच वेळी पार्कच्या फाटकातून रोजच्या नेमानं हास्य क्लब बाहेर पडला. पंधरा-सोळा निवृत्त मंडळी, कानटोप्या घातलेली, हसून हसून दमलेली. त्यांचे म्होरके रघुपती मास्तर पुरुषोत्तमरावांच्या ओळखीचे. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "काय राव, ही काठी कसली?"

"नव्या वर्षाची मिरवणूक आहे. येता का? गणपतीच्या देवळापर्यंत."

"उगादी उद्या ना?"

"उद्या आहेच. ही आजची."

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "सरी, चला. नाहीतरी घरी गेलो की भाजीला पिटाळतात."

अशा रीतीनं बंगलोरची पहिली शोभायात्रा निघाली. पुढे कल्लाप्पा सायकल हातात धरून, मागे पुरुषोत्तमराव गुढी घेऊन, त्यांच्यामागे वासंतीबाई आणि शेवटी कानटोप्या. वाजायला काही नव्हतं, घोषणा कुणाला पाठ नव्हत्या, त्यामुळे सगळे खाली मान घालून मुकाट चालत होते. गांधी बाजारच्या वळणावर एका गृहस्थांनी स्कूटर थांबवली, चप्पल काढली, हात जोडले आणि शेवटच्या कानटोपीला हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

ते ऐकून मास्तरांना राहवेना. "अरे, हे बरं नाही दिसत. हसा जरा!" त्यांनी हुकूम सोडला, आणि सोळा जणांनी शिकवल्याप्रमाणे हात वर करून "हो हो, हा हा हा!" केलं. ते गृहस्थ स्कूटर ढकलतच पळाले.

देवळापाशी वासंतीबाईंनी सगळ्यांना कडुनिंब-गूळ दिला. डबा जरासुद्धा हलका झाला नाही. कल्लाप्पानं पायरीवर बसून अहवाल लिहिला. "किती माणूस लिवू?"

"होते तेवढे लिही बाबा," पुरुषोत्तमराव म्हणाले.

"'बरेच लोक' लिवतो. मिरवणूक शांततेत पार पडली." त्यानं रेघ ओढली. "हे मातर खरं हाय बगा."

घरी आल्यावर पाडव्याची होळगी, म्हणजे पुरणपोळी, खाऊन होते न होते तोच वासंतीबाईंचं एकच पालुपद सुरू झालं. "त्या मुलीला सांगून टाका."

"कुठल्या तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं आता होळगी खाल्ली त्याच!"

पुरुषोत्तमराव आधी भीमाचार्यांकडे भांडायला गेले. आचार्य पाटावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंचांग बरोबर आहे. लोक उद्या करतात तर करू देत, आपण अडवलंय का?" पुरुषोत्तमराव सुपारीचं एक खांड तोंडात टाकून उठले. परत येऊन त्यांनी तीन वेळा श्वेताकडे फोन लावला. तिन्ही वेळा अद्वैतनं उचलला. पहिल्यांदा तो म्हणाला, फेटे आले. दुसऱ्यांदा म्हणाला, ढोल बसनं पुण्याहून सुखरूप पोचले. तिसऱ्यांदा म्हणाला, येलहंकाहूनही दोन गाड्या भरून माणसं येतायत, "काका, तुमच्यामुळे शक्य झालं हे सगळं!" तिन्ही वेळा पुरुषोत्तमरावांनी "छान, छान" म्हणून फोन खाली ठेवला.

गुरुवारी सकाळी सहालाच पार्कच्या फाटकापाशी जत्रा भरली होती. भगवे फेटे, नथी, पैठण्या, गळ्यात ढोल अडकवलेली सहा पोरं. दारोदारी आंब्याची तोरणं लागलेली. पुरुषोत्तमराव परवानगीचा कागद छातीशी धरून एका बाजूला उभे होते. कागदाची घडी त्यांनी अशी घातली होती की शिक्का दिसावा आणि तारीख दिसू नये. कुणाला कन्नड वाचता येत नाही, निघून जाऊ, देवळापर्यंत पोचलो की सुटलो, एवढाच त्यांचा बेत होता. पोरांनी ढोलावर पहिली थाप मारली आणि कोपऱ्यावरून कल्लाप्पा सायकल मारत आला.

"अवो राव! ह्ये काय? तुमची मिरवणूक काल झाली की!"

ढोल थांबला. दीडशे माणसं पुरुषोत्तमरावांकडे पाहू लागली.

"काल?" श्वेता म्हणाली. "काका, काल म्हणजे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. पुरुषोत्तमरावांनी कागदाची घडी उलगडली. "परवानगी कालची होती. आमच्या पंचांगात पाडवा काल होता, मी तीच तारीख लिहिली. काल सकाळी तुला फोन केला तेव्हा कळलं मला. सांगायचं धाडस झालं नाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "तुम्ही मला एकच काम दिलं होतं. तेही मला आलं नाही."

वासंतीबाई येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, अगदी खेटून. श्वेतानं खांद्यावरच्या पिशवीतून फाईल काढली, त्यातून तिची झेरॉक्स काढली आणि ती खालून वर, वरून खाली पाहिली.

"काका, यात तारीख कुठेय?"

"दुसऱ्या ओळीत. सुरुवातीलाच."

"हे कन्नड आकडे आहेत?" श्वेता कागद डोळ्यांशी नेत म्हणाली. "मला वाटलं शिक्क्याची नक्षी आहे!"

एक जण फिसकन हसला. मग अद्वैत हसू लागला. "महिनाभर हा कागद आपल्या फायलीत आहे, श्वेता! आणि ऑफिसात आपण काय करतोय वर्षभर? दोन हजार साल येणार म्हणून अमेरिकेच्या तारखा दुरुस्त करतोय!"

हसू पसरत गेलं, पण कल्लाप्पा हसला नाही. नियम म्हणजे नियम. "मिरवणूक न्हाई निघायची. ढोल न्हाई, रस्ता अडवायचा न्हाई, घोषणा न्हाई." फेटे एकेक करून खाली झुकले. ते पाहून त्यालाही वाईट वाटलं असावं. "आता फुटपाथवरनं कोण फिराय गेलं तर मी काय करणार? फिराय परवानगी लागत न्हाई."

तेवढ्यात पार्कातून हास्य क्लब बाहेर आला. आज कानटोप्या नव्हत्या. अभ्यंग स्नान करून, नवे सदरे घालून मंडळी आली होती. रघुपती मास्तरांनी ढोलांकडे आणि फेट्यांकडे पाहिलं. "राव, आज पण आहे? 'उगादी आज, म्हणजे आजही मिरवणूक असणार,' असं बायको म्हणाली तेव्हा मला खरं वाटेना."

आणि मग दीडशे अधिक सोळा माणसं दोन-दोनच्या रांगेनं, फुटपाथवरून, मुकाट्यानं फिरायला निघाली. ढोल गळ्यात होते पण मुके. चौकात लाल दिवा लागला की गुढीसकट सगळी रांग थांबायची आणि हिरवा झाला की निघायची. रस्त्याच्या मधून वाजतगाजत गेली असती तर ही मंडळी सगळ्यांना दुरूनच दिसली असती. फुटपाथवरून जाताना मात्र ती प्रत्येक घराच्या रांगोळीला वळसा घालत, दाराशी अगदी दोन हातांवरून जाऊ लागली. लोक उंबऱ्यावर येऊन विचारू लागले, हे कोण? कुठले? काठीवरचा तांब्या उलटा का? पुरुषोत्तमराव प्रत्येक दाराशी थांबून सांगू लागले, त्यामुळे रांगही थांबू लागली, आणि रांग थांबली की आतून बेवु-बेल्ल यायचं, म्हणजे तेच कडुनिंब आणि गूळ. आदल्या दिवशीचा वासंतीबाईंचा डबाही याच अदलाबदलीत कधी संपला ते कळलं नाही. अद्वैतनं पाच वर्षांत पहिल्यांदा एका आजीबाईंना कन्नडमध्ये "हब्बद शुभाशयगळु" म्हटलं. पुरुषोत्तमरावांनी या सणाच्या शुभेच्छा मागच्या प्रत्येक दाराशी त्याच्याकडून घोकून घेतल्या होत्या.

आजीबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "कोठून आलास रे बाळ? जेवून गेल्याशिवाय सोडणार नाही, सांगून ठेवते."

अद्वैत चमकला. "आजी, तुम्ही मराठी?"

"मग कोण? आमचं घराणं पण या रावांसारखंच शहाजीराजांच्या काळात आलेलं. ही पुढली चार घरं पण आपलीच."

अद्वैतनं मान वळवली. पुरुषोत्तमराव गुढी टेकवून उभे होते. त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. तो पुढे झाला आणि तिथेच फुटपाथवर वाकून त्यानं त्यांच्या पायाला हात लावला. "काका, संक्रांतीला मी काहीतरी मूर्खासारखं बोललो होतो."

"असेल," पुरुषोत्तमराव म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं होतं आणि ते लपवायला जमत नव्हतं. "मला आठवत नाही."

पाऊण तासाच्या वाटेला त्या दिवशी साडेतीन तास लागले. कल्लाप्पाला बंदोबस्ताचं काहीच काम नव्हतं, तरी तो शेवटपर्यंत बरोबर होता. त्यानं पाच होळग्या खाल्ल्या.

वर्ष सरलं. एक जानेवारी आली, जग जागच्या जागी राहिलं, आणि मंडळाची बैठक बसली. पुढच्या पाडव्याला शोभायात्रा काढायची यावर दुमत नव्हतं. परवानगीचा विषय निघाला तेव्हा सगळे छताकडे पाहू लागले. "काका, या वेळी मी जाते," श्वेता शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली. "तुम्हाला दगदग नको." पुरुषोत्तमरावांनी मान डोलावली. दगदगीचा अर्थ त्यांना कळत होता.

तीन दिवसांनी सकाळी श्वेता त्यांच्या दारात उभी होती. हातात कोरा अर्ज.

"काय झालं? साहेब भेटले नाहीत?"

"भेटले. देत नाही म्हणाले." ती सोफ्यावर टेकली. "त्यांनी मागच्या वर्षीची फाईल काढली. म्हणाले, माझ्या हद्दीत वर्षाला चाळीस मिरवणुका निघतात. एकोणचाळीस मिरवणुकांना ट्रॅफिक तुंबतं, भांडणं होतात, लोक फोन करून बोंबलतात. एकच मिरवणूक अशी, की ती निघालेली कुणाला कळलीसुद्धा नाही. त्या पुरुषोत्तमरावांना पाठवा. परवानगी मिळेल तर त्यांनाच, दुसऱ्या कुणालाही नाही."

स्वयंपाकघरात वासंतीबाईंच्या हातून काहीतरी खळकन पडलं. त्या हसत होत्या.

पुरुषोत्तमरावांनी चष्मा लावला, अर्ज पाटीवर ठेवला आणि वळणदार कन्नडमध्ये भरायला घेतला. नाव, पत्ता, मार्ग, माणसं, देऊळ. तारखेच्या रकान्याशी आले आणि थांबले. मग त्यांनी अर्ज आणि पेन दोन्ही श्वेताच्या हातात दिलं.

"तारीख तेवढी तू घाल."

श्वेतानं पिशवीतून पुण्याचं कॅलेंडर काढलं, पाडव्याच्या चौकटीवर बोट ठेवलं, पेन कागदाला लावलं आणि तशीच थांबली.

"काका," ती म्हणाली, "आधी एकदा आचार्यांना विचारून येऊ या का?"